धोंडिबाआबांची मुकी गाठ

गाठ दिसली की आमच्या धोंडिबाआबांच्या तोंडाला पाणी सुटतं. हे मी गमतीनं सांगत नाही. कुणाला चिंच बघून सुटतं, कुणाला भेळ बघून. आबांना दोरीची निरगाठ बघून सुटतं. ओठांवरून जीभ फिरवतात, धोतराला हात पुसतात आणि दोरी कुणाची, कशाची, काही न विचारता सरळ गाठीला दात लावतात. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकून दोन पावलं मागं सरतो. मी त्यांचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी, तरी मला ते अजून बघवत नाही.

भोरच्या वरच्या अंगाला, भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आमची वाडी आहे. तिथं माझं किराण्याचं दुकान. साखर, चहापत्ती, खिळे, बादल्या आणि दोऱ्या. आबांचं घर दुकानाला लागून, म्हणजे आबांचे दात माझ्या मालाला लागून. दोरीचं नवं भेंडोळं आलं की वास लागल्यासारखे हजर. टोक दाढेत धरायचे, डोळे मिटायचे, मान मागं घेऊन एक हिसका द्यायचे आणि निकाल सांगायचे, "नाना, ही वाळवणाला बरी हाय बग. बैलाला न्हाई टिकायची." हे कधी, तर समोर बैलासाठीच दोरी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक उभं असताना! मी तळतळायचो. "अहो आबा, हातानं ओढून बघा की! तोंड कशाला घालता माझ्या मालात?"

"हाताला काय कळतंय? दाताला कळतं, गड्या."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भात वाळलंय का, दाताला कळतं. सुपारी नवी की जुनी, दाताला कळतं. एकदा माझ्या धाकट्या सुनेनं आणलेल्या साडीचा पदर त्यांनी तोंडात धरायचा तेवढा बाकी ठेवला. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. वय सत्तरीच्या पुढं, पण बत्तीशी शाबूत. मला मात्र पन्नाशीतच कवळी लागली. हे इथं सांगायचं काही कारण नव्हतं, पण आबा ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतात, तेव्हा तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पण त्यांची खरी करामत म्हणजे मुकी गाठ. नाव त्यांनीच दिलेलं. दोराच्या टोकाला एक फासा करायचा, टोक दोनदा आतून फिरवायचं, मग ती सगळी गाठ तोंडात घेऊन लाळेनं भिजवायची आणि कपाळाची शीर फुगेस्तोवर दातांनी आवळायची. वाळली की दगड. बैलानं हिसका मारला, टेम्पो खड्ड्यात आदळला, गाठ हूं का चूं करायची नाही, म्हणून मुकी. आसपासच्या वाड्यांत जेवढी दावी, जेवढे कासरे, जेवढ्या पेंढ्याच्या गाड्या, सगळ्यांच्या दोऱ्यांना आबांची मुकी गाठ. बायका विहिरीचा दोर घेऊन यायच्या. आबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. पाणी लावून भिजवा की, असं मी एकदा सुचवलं, तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

मुलगा संदीप कापूरहोळला पंक्चरच्या दुकानात आहे. आबांची बायको, आमच्या हिरावहिनी, जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आबा एक दिवसाआड भाकरीचं फडकं घेऊन यष्टीनं कापूरहोळला जातात. संदीप पोटापुरतं ढाब्यावर खाऊ शकतो, हे त्यांना पटत नाही. तो हातातलं काम उरकेपर्यंत आबा काय करणार? तर ढाब्यासमोर उभ्या असलेल्या टेम्पोंची पाहणी. "हितं ढिली हाय!" असं ओरडून परक्या माणसाच्या टेम्पोची दोरी सोडायची आणि पुन्हा दातांनी आवळायची. आधी ड्रायव्हर शिव्या द्यायचे. मग सवय झाली. आता काही जण तर आबा दिसले की हॉर्न वाजवून बोलावतात. पुणे-सातारा रस्त्यानं आबांची थुंकी कुठंवर गेली असेल, याचा हिशेब देवालाच ठाऊक.

तर अशा या माणसाच्या दारात पोलिसांची जीप उभी राहिली, तेव्हा आख्ख्या वाडीची बोबडी वळली.

झालं होतं असं. धरणाच्या पाण्याला लागून पुण्याच्या एका साहेबाचं फार्महाऊस आहे. तिथं चोरी झाली. पाण्याची मोटर, टीव्ही, तांब्याची मोठाली भांडी गेली. ते जाऊ द्या; पण तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनला चोरांनी खुर्चीला बांधलं आणि डोक्यात मारलं. बिचारा दवाखान्यात पडून होता. शुद्धीवर आला तरी कुणाचं तोंड पाहिलं नाही म्हणत होता. अंधार होता आणि त्यांनी फडकी बांधलेली. पोलिसांच्या हातात राहिली ती फक्त दोरी.

फौजदारसाहेब दोरीचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन वाडीवाडीतून फिरत होते. आमच्याकडं आले, दुकानाच्या पायरीवर बसले, चहा घेतला आणि फोटो दाखवून विचारलं, "अशी दोरी कुठं बघितलीय का कुणी?"

आता शहाण्या माणसानं काय म्हणावं? "असंल बाबा कुणाची तरी." पण आमची वाडी! मोबाईलवर पाच-सहा डोकी एकदम वाकली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "अरं, ही तर आबांची गाठ!" आणि कौतुकानं हो! जणू आबांचा फोटो पेपरात आलाय. एक जण म्हणतो मी आधी ओळखली, दुसरा म्हणतो मी. तिसऱ्यानं साहेबांना समजावूनही सांगितलं की, "साहेब, ह्यो फासा दुसऱ्या कुणाच्या बापाला जमत न्हाई." मी कपाळावर हात मारून घेतला.

कहर म्हणजे आबा स्वतःच आले. फोटो बघून त्यांचा चेहरा खुलला. "माझीच की! टोकाचा फासा माझाच हाय." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पर ही वॉचमनच्या हाताची गाठ कुणी बांधलीया? काय ध्यान हाय! शेळीला बी कुणी असं बांधू नये." साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्या वाक्यावर त्यांनी चहा संपवला.

मग आबांना सरकारी दवाखान्यात नेऊन तपासणीसाठी रक्त घेतलं आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. पहिली काडी आबांनी चावली. सवय! वर डॉक्टरांना सांगितलं की कापूस काही खास नाही, धागा आखूड आहे. मी तिथंच होतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. दोरीच्या फाशात जी लाळ सापडली तिचा डीएनए आणि आबांचा डीएनए एकच. फौजदार म्हणाले, "नाना, कोट्यवधी माणसांत असा दुसरा माणूस सापडायचा नाही." अहो, ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाच्या बांधावरचं गवत उपटलं नाही, त्याच्याविरुद्ध विज्ञान उभं राहिलं! साक्षीदार खोटा म्हणता येतो, विज्ञानाला काय म्हणणार?

वाडीचा तर थरकापच उडाला. आपण कशाकशाला थुंकी लावतो, हे ज्याला त्याला आठवायला लागलं. पानतंबाखूवाले पिंक टाकायच्या आधी चारी बाजूंना बघायला लागले. बायका एकमेकींची फणी घेईनात. कुणी कुणाच्या तांब्याला तोंड लावीना. जी स्वच्छता ग्रामपंचायतीला बोर्ड लावून जमली नाही, ती त्या रिपोर्टानं करून दाखवली. मी स्वतः नोटा मोजताना बोटाला थुंकी लावायचो. सरळ भोरला जाऊन पाण्याचा स्पंज आणला. शिवाय मला रात्रंदिवस घोर, की ती दोरी माझ्याच दुकानातली असणार. मग माझाही अंश तिच्यावर असणार का? बायको म्हणाली, "तुमची कवळी हाय, तुमचं काय कळतंय त्यांना?" तिचं शास्त्र असं.

संदीपनं वकील गाठला. नसरापूरची एक तरणी पोरगी, नुकतीच वकिली करायला लागलेली. तिनं रिपोर्ट वाचला आणि आम्हाला समजावून सांगितलं. "नाना, रिपोर्ट खोटा नाहीच. लाळ आबांचीच आहे. पण ती कधी लागली, कुठं लागली, कशापायी लागली, हे त्या रिपोर्टाला विचारा. तो गप्प. लाळेवर तारीख नसते." मी आ वासून बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात का आली नव्हती?

ती पुढं म्हणाली, "आणि नमुना घेतलाय टोकाच्या फाशातनं. वॉचमनचे हात ज्या गाठीनं बांधले होते, तिथं आबांचं काही सापडलेलं नाही. तिथं आणखी निदान दोघांचे अंश आहेत, एकमेकांत मिसळलेले आणि तुटक. फाटक्या नोटेवर अर्धाच नंबर असतो ना, तसं. तेवढ्यावरून माणूस नक्की करता येत नाही. फार तर हा नव्हता, तो नव्हता, एवढं सांगता येईल कधी कधी."

मला जरा धीर आला. पण आबांना कशानंच धीर येईना. ते एकदम बदलले. दुकानात नवं भेंडोळं आलं तरी फिरकले नाहीत. एका संध्याकाळी पायरीवर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "नाना, त्या थुंकीत आन् रक्तात काय काय कळतं रं?"

मी चार दिवस मोबाईलवर तेच बघत होतो. मोठ्या ऐटीत म्हणालो, "सगळं कळतं, आबा. कोण कुणाचा, कुणाचा बाप कोण, आजा कोण, सगळी कुंडली निघते. काही लपत नाही आता."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. उठले आणि घरात गेले. आणि माझ्या मनात, देवाशप्पथ सांगतो, पहिल्यांदा पाल चुकचुकली. म्हणजे खरंच? आबांनी? मला रात्रभर झोप लागली नाही.

दोन-तीन दिवसांनी फौजदार पुन्हा आले. या खेपेला बोलले जरा अदबीनं. "आबा, दोरीवर आणखी दोघांचे अंश आहेत. घरात तुम्ही दोघंच. संदीपला उद्या पाठवा. त्याचाही नमुना घ्यायचाय."

आबा उभे राहिले. "पोराचं न्हाई घ्यायचं."

"अहो, काही दुखत नाही. तुमचं घेतलं तसंच."

"माझं काय घ्यायचं ते घ्या. तांब्याभर घ्या. पोराचं न्हाई."

"का पण? काही लपवायचंय का?"

दुकानासमोर गर्दी जमली होती. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. आणि म्हणाले, "म्याच केलं साहेब. एकट्यानं. त्या वॉचमनला म्याच बांधला. आता मला घ्या. मग पोराचं कशाला लागतंय?"

माझ्या हातातलं वजन पारड्यात न पडता पायावर पडलं. कळ मस्तकात गेली, पण ओरडायचं सुचेना.

फौजदारही चक्रावले. म्हणाले, "बरं, आत कुठनं शिरलात?"

"दारातनं."

"दाराला कुलूप होतं."

"मग खिडकीतनं."

"खिडक्यांना गज आहेत."

"मग तुमीच सांगा कुठनं शिरायचं!" आबा वैतागले.

"मोटर कुठाय?"

"इकली."

"कुणाला?"

"इसरलो."

लोकांना हसावं की रडावं कळेना. फौजदारांनी मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि आबांच्या डोळ्यांसमोर धरला. "वॉचमनच्या हाताची ही गाठ. जिला तुम्ही शेळीलाही बांधू नये म्हणालात. ही तुम्ही बांधलीत?"

आबांनी ती गाठ बघितली. जबडा हलला. हा माणूस परक्या टेम्पोवरची ढिली गाठ बघून यष्टी सोडणारा. मला वाटलं, आता तरी म्हणतील, की हे असलं ध्यान माझं नव्हं.

"व्हय," आबा खाली बघून म्हणाले. "माझीच."

तेव्हा मात्र माझी खात्रीच पटली. चोरी एक वेळ केली असेल म्हटलं असतं. पण ही गाठ? आबा खोटं बोलत होते. ढळढळीत खोटं. पण कशासाठी? संदीपनं काही केलंय आणि हे त्याला वाचवतायत? पोरगं इतकं सरळ, की पंक्चर नसलं तर नाही म्हणून सांगणारं. माझ्या डोक्याचा भुगा झाला. जीप आबांना घेऊन गेली आणि वाडीत त्या दिवशी कुणाच्या घरात धड चूल पेटली नाही.

वकीलबाई म्हणाली की पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, घाबरू नका. पण आबा कोठडीत, आणि भाकरी घेऊन गेलो तरी एकच घोकायचे, "पोराला हात लावू नका म्हणावं."

संदीप मात्र गडबडला नाही. मला म्हणाला, "नाना, तुमी चला माझ्यासंगं. मी नमुना देतो. त्या दोरीवर मी न्हाई हे एकदा कळलं, की आबांना खोटं बोलायचं कारण उरणार न्हाई."

"अरे, पण आबा का नको म्हणतायत?"

त्यानं सरळ चपला पायात सरकवल्या. साक्षीला म्हणून मी गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाव, वय लिहून घेतलं. मग विचारलं, "आरोपीशी नातं? सख्खा मुलगा ना?" संदीप गप्प. डॉक्टरांना वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "नीट सांगा. बापाचं निम्मं लेकात येतं. मिसळलेल्या डागात बापाचे अंश कुठले आणि लेकाचे कुठले, हे ठरवताना घोटाळा होऊ शकतो. त्यामुळं नातं खरं लिहावं लागतं."

संदीपनं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं.

"मुलगा हाय," तो म्हणाला. "पर रक्ताचा न्हाई. आन् हे आबांना कळता कामा नये."

ह्याच्या बारशाची साखर माझ्या दुकानातनं गेली होती! हिरावहिनी बाळंतपणाला वेल्ह्याकडं माहेरी गेलेल्या, तिथनं बाळ घेऊन आल्या, सगळ्या वाडीनं नाक आबांचं, डोळे वहिनींचे म्हणून कौतुक केलेलं. नाक आबांचं असं तर मीच म्हणालो होतो!

नमुना देऊन झाल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. संदीप दंडावरचा कापूस दाबून धरत हळू आवाजात सांगायला लागला. "आईचं बाळ जन्मताच गेलं, नाना. त्याच दिवसांत वरच्या वाडीवरली एक धनगराची बाई बाळंतपणात गेली. तिचं लेकरू मी. सांभाळायला कुणी न्हाई. आबांनी मला घोंगड्यात गुंडाळून आणलं आन् आईच्या कुशीत ठेवलं. आजी, आई आन् आबा, तिघांनाच ठाऊक."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. जायच्या आधी. म्हणाली, तुला सांगतीया, पर तुला कळलंय हे आबाला कदी कळू देऊ नको. तो खचंल. त्याला वाटतं, पोराला कळलं तर पोरगं जाईल."

एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. आबांच्या दातांवरून रोज भांडलो. आणि ह्या माणसाच्या पोटात हे होतं! आणि मी शहाण्यानं पायरीवर बसवून त्यांना सांगितलं होतं, की रक्तात सगळी कुंडली निघते. माझी मलाच लाज वाटली. चोरीच्या आरोपाला घाबरला नाही तो माणूस. तुरुंगाला घाबरला नाही. पोराच्या रक्ताच्या एका थेंबाला घाबरला.

मी डॉक्टरांना पुन्हा आत जाऊन विचारलं, "रिपोर्टात हे येईल का?" ते म्हणाले, "प्रयोगशाळेला फक्त दोरीशी ताडून बघायचंय. कोण कुणाचा हे त्यांना कुणी विचारलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत." मी त्यांना हात जोडले.

पुढं संदीपचा रिपोर्ट आला. त्याचा अंश दोरीवर कुठंच नव्हता. त्याच सुमाराला चोरीची मोटर एका भंगारवाल्याकडं सापडली आणि तिच्यामागोमाग दोघं चोरही. दोघं परगावचे. दोरी कुठली, तर म्हणाले, कापूरहोळच्या ढाब्यासमोर एक टेम्पो उभा होता, त्याची सोडून घेतली. त्यांना वॉचमनचे हात बांधायला काहीतरी हवं होतं. टोकाचा फासा त्यांनी सोडायचा प्रयत्न केला म्हणे, पण सुटला नाही. हे ऐकून फौजदार मान हलवत राहिले. वॉचमनही बरा होऊन घरी गेला. मग पोलिसांनीच कोर्टात सांगितलं, की धोंडिबांचा ह्यात संबंध नाही.

आबांना सोडलं त्या दिवशी मी आणि संदीप कोर्टाच्या फाटकाशी उभे होतो. आबा बाहेर आले. वाळले होते, दाढी वाढली होती. मला वाटलं, चोर कोण होते ते विचारतील, वाडीची खुशाली विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. सरळ संदीपपुढं येऊन उभे राहिले.

"तुजं रक्त घेतलं का रं त्यांनी?"

"न्हाई आबा," संदीप म्हणाला. "चोरच घावले. माझी गरजच पडली न्हाई."

आबांचा विश्वास बसेना. ते माझ्याकडं वळले. "नाना, खरं सांग. माजी शप्पथ हाय तुला."

मी आयुष्यात आबांचं एकही म्हणणं सरळ मान्य केलेलं नाही. दोरी चांगली म्हणाले तर मी वाईट म्हणालो. त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "खरं आहे, आबा. कुणी नाही घेतलं."

आबा तिथंच फाटकाच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. येणारे-जाणारे वकील थांबून बघायला लागले. संदीप त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि मला माझी कवळी दाबून धरावी लागली.

वाडीच्या यष्टीत तिघं एका बाकावर बसलो. आबा मधे. गाडी भोर सोडून वर लागली तसं त्यांचं डोकं संदीपच्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले. कंडक्टर आला. नवा होता, आम्हाला ओळखत नव्हता. तिकिटं फाडता फाडता संदीपला म्हणाला, "म्हातारबा लई दमलेले दिसतात. कोण तुमचे?"

"वडील," संदीप म्हणाला.

"एकुलता एक हाय मला," आबा डोळे न उघडता म्हणाले.